पाटी लागायला लागणारा वेळ

मुंबईच्या उपनगरांत नेपाळी माणसाच्या हातचं आपण सगळ्यांनी खाल्लंय. नेपाळी जेवण मात्र क्वचितच. घाटकोपर, मुलुंड स्टेशनाबाहेर चायनीजच्या गाडीवर कढई परतणारा आचारी पुष्कळदा नेपाळचा असतो. म्हणून अंधेरी पश्चिमेच्या एका गल्लीत मोजक्या टेबलांचं नेपाळी हॉटेल दिसलं, तेव्हा भुकेआधी प्रश्न पडला: याला इतका उशीर का झाला?

ताट आलं. मधोमध भात, भोवती काळ्या उडदाची डाळ, मोहरीची पालेभाजी, मटणाचा रस्सा, लोणचं आणि गुंद्रुक. मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला कोमेजवून, दाबून आंबवायचा आणि उन्हात वाळवायचा, की झालं गुंद्रुक. डोंगरातली हिवाळ्याची बेगमी. कोकमावर वाढलेल्या जिभेला हा आंबटपणा जरा परका वाटतो. कोदोच्या पिठाचा ढिंडो मात्र लगेच ओळखीचा झाला, कारण कोदो म्हणजे आपली नाचणीच. आणि टोमॅटोच्या चटणीतल्या टिमूरने तर थेट बांगड्याच्या तिखल्यातल्या तिरफळाची आठवण करून दिली. टिमूर आणि तिरफळ वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने सख्खे शेजारी. चीनमधली सिचुआन मिरीही त्यांच्यातलीच. (आपल्या शेजवान चटणीत ती बहुधा नसतेच, हा भाग वेगळा.)

पाटीवर ‘थकाली’ लिहिलं होतं. थकाली लोक मुस्तांगमधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातले. तिबेटचं मीठ आणि दक्षिणेचं धान्य यांच्या व्यापारावर ते मोठे झाले, आणि त्या वाटेवरच्या त्यांच्या भट्ट्या, म्हणजे खानावळी, मुख्यतः बायकांनी चालवल्या. १९६० च्या सुमारास तिबेटचा व्यापार आटला, तसे पुष्कळ जण पोखरा-काठमांडूत उतरले आणि हॉटेलं काढू लागले. त्यांच्यापाशी कौशल्य होतं, तसं भांडवलही होतं.

उशिराचं उत्तर मला इथे दिसतं. कायद्याची आडकाठी नव्हती. १९५० च्या भारत-नेपाळ करारातच एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, मालमत्तेची, व्यापाराची मुभा आहे. पण एखाद्या समाजाचं जेवण शहराच्या पाटीवर येतं ते त्याच्या संख्येमुळे नव्हे, गाळ्याचं डिपॉझिट भरण्याच्या ऐपतीमुळे. माटुंग्यात रामा नायकांनी १९४२ मध्ये उडुपी बोर्डिंग काढता आलं. गिरणगावात मात्र बायका कामगारांना जेवू घालत होत्या, तरी त्यांच्यामागे कर्जाची सोय उभी राहावी म्हणून प्रेमा पुरव यांना १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढावं लागलं. चव असतेच, पत उशिरा येते.

आणि पत आली तरी ती सगळ्यांची नसते. मुंबईत वॉचमनची नोकरी करणारे नेपाळी बरेचसे सुदूर पश्चिमेचे, अछाम-डोटी-बझांगकडचे. तो भाग मुस्तांगपासून दूर, आणि कितीतरी गरीब. थकाली ताट ‘नेपाळचं जेवण’ म्हणून खाताना आपण एका व्यापारी जमातीची सुबत्ता खातो, हे ध्यानात असलेलं बरं. मालवणी थाळी म्हणजे महाराष्ट्र नव्हे, तसंच.

आमच्या सोसायटीचा वॉचमन अछामचा. त्याला हॉटेलाविषयी सांगितलं, तर त्याने थाळीचा भाव विचारला आणि हसला. गुंद्रुक त्याच्याकडे असतं, गावाहून येणारं कुणीतरी आणतं. अडचण दुसरीच होती. बारा तासांच्या ड्युटीतून अंधेरीला जेवायला जायचं, तर तेवढा वेळ गेटवर कोण बसणार?