तुळईची विचारपूस

पुण्यातले जुने वाडे पाडले की त्यांच्या सागवानी तुळया आणि चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. अशा फळ्यांवर लेझरने कोरलेला गणपती किंवा विठ्ठल पाहून श्रद्धाळू माणूस बिचकतो. यात कारागिराचा हात नाही, साधना नाही. यंत्राने जाळून उमटवलेल्या आकृतीत देव कसा यावा? शंका खरी आहे, पण दोष भलत्याच ठिकाणी शोधते. पेणच्या कितीतरी गणेशमूर्ती साच्यातून निघतात आणि प्राणप्रतिष्ठा झाली की त्यांच्यापुढे हात जोडताना कुणी साचा आठवत नाही.

परंपरेची खरी आच आकार देण्याच्या कितीतरी आधीची आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात कसं जावं, याला स्वतंत्र अध्याय दिला. स्मशानातलं, वीज पडलेलं, घरट्यांनी भरलेलं झाड वर्ज्य. निवडलेल्या झाडाची रात्री पूजा करायची, त्यात वसणाऱ्या भूतांना बळी अर्पून दुसरीकडे बिऱ्हाड हलवायला विनवायचं, क्षमा मागायची, कुऱ्हाड त्यानंतर. म्हणजे लाकडाची विचारपूस आधी.

यंत्र ती करत नाही. लाकूड कोरायला वापरतात तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये घडवला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातलं. या लेझरचा अदृश्य अवरक्त किरण लाकूड शोषून घेतं, पडल्या जागी वाफ होते आणि कडेला काजळी उरते. लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या एकसारख्या एमडीएफवर तीच फाइल, तोच वेग बिनबोभाट चालतो. जुनी तुळई मात्र अडवते. पोटात मोडलेला खिळा असतो, तो रंध्याचं पातं खातो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते जाळलं तर श्वासात जातं. वार्षिक वलयांचे मऊ-कठीण पट्टे कमीजास्त खोल जळतात. म्हणून धातुशोधक फिरवायचा, रंग धूळ न उडवता उतरवायचा, तुकड्यावर चाचणी घ्यायची. ही कारखान्यातली खबरदारी झाली, भक्ती नव्हे, असं कुणी म्हणेल. कबूल, काहीजण हे निव्वळ पातं वाचवायला करतात. पण समोरच्या वस्तूकडे इतकंही लक्ष न देणाऱ्याने वर गंध-फूल वाहिलं, तर त्याला भक्ती म्हणायला माझं मन घेत नाही.

जड आक्षेप पुरीहून येतो. २०१५च्या नवकलेवरात, म्हणजे मूर्ती बदलण्याच्या विधीत, जगन्नाथाच्या नव्या मूर्ती कडुनिंबाच्या ताज्या लाकडातून घडल्या आणि जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातल्या कोइली वैकुंठात पुरल्या गेल्या. वापरलेलं लाकूड पुन्हा वापरणं मग गैरच ना? तसं मला वाटत नाही. पुरलं जातं ते देवाचं शरीर. तुळईने फक्त माळ्याचं ओझं वाहिलं. मात्र हाच न्याय लावला तर पूजेतल्या जुन्या लाकडी मूर्तीचे, सागवान कितीही उंची असलं तरी, किचेन आणि कोस्टर कापता येत नाहीत. त्या लाकडाला मातीच द्यायला हवी.