अ‍ॅमॅच्युअर : प्रेम, मोबदला आणि कसब

‘अ‍ॅमॅच्युअर’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन ‘अमारे’ म्हणजे प्रेम करणे, ‘अमातोर’ म्हणजे प्रेम करणारा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत तो रुळू लागला तेव्हा कलेचा किंवा विद्येचा चाहता एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे त्याला आणखी दोन अर्थ चिकटले : मोबदला न घेता काम करणारा, आणि काम कच्चे करणारा. मन, पैसा आणि हात यांविषयीची तीन निराळी विधाने अशी एका शब्दात कोंबली गेली. त्यांतल्या एकावरून दुसरे आपोआप सिद्ध होते, असे मानले की गोंधळ सुरू होतो.

त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘प्रोफेशनल’. त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘जाहीरपणे सांगणे’ या क्रियापदात आहे, आणि मध्ययुगीन युरोपात ‘प्रोफेशन’ म्हणजे ख्रिस्ती मठात प्रवेश करताना घेतलेले व्रत. त्या व्रतात दारिद्र्याचा स्वीकारही असे. म्हणजे एका शब्दाच्या मुळाशी प्रेम आहे, दुसऱ्याच्या मुळाशी प्रतिज्ञा. पैशाचा संबंध दोघांशीही नंतर जडला.

काम प्रेमापोटी करायचे की पैशासाठी, हा प्रश्न मात्र शब्दापेक्षा जुना आहे. अथेन्समध्ये सोफिस्ट म्हणवले जाणारे शिक्षक शुल्क घेऊन शिकवीत. सॉक्रेटिस घेत नसे. त्याचा शिष्य झेनोफोन याने नोंदवलेले त्याचे कारण महत्त्वाचे आहे : जो पैसे घेतो त्याला पैसे देणाऱ्याशी बोलावेच लागते. इथे मोबदला नाकारण्यामागे पैशाचा विटाळ नाही, कोणाशी आणि कशाविषयी बोलायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य आहे. ‘फिलॉसॉफर’ या शब्दाचा अर्थही ज्ञानावर प्रेम करणारा असाच. अ‍ॅरिस्टॉटलपाशी सूर बदलतो. ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात तो सांगतो, की स्वतंत्र नागरिकाच्या मुलाने संगीत शिकावे, पण स्पर्धेतल्या वादकाइतके निष्णात होऊ नये, कारण दुसऱ्याच्या करमणुकीसाठी मोलाने वाजवणे हे त्याला शोभत नाही. स्वातंत्र्याच्या विचारात श्रमाचा तिरस्कार मिसळला तो असा.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडने या तिरस्काराचा नियमच केला. नौकानयनाच्या संघटनांनी मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर म्हणून रोजीवर काम करणाऱ्याला अ‍ॅमॅच्युअर मानण्यास नकार दिला. त्याने वल्हवण्याचे पैसे कधीच घेतले नसले तरी फरक पडत नव्हता. हाताने काम करून पोट भरणे हाच दोष होता. क्रिकेटमध्ये ‘जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स’ हा सामना 1806 साली सुरू झाला. धावफलकावर जंटलमनची आद्याक्षरे आडनावाआधी आणि प्लेअरची आडनावानंतर छापण्याची रीत होती. विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाचे रीतसर नेतृत्व व्यावसायिक खेळाडूकडे आले ते 1952 मध्ये, भारताविरुद्धच्या मालिकेत, लेन हटन यांच्या रूपाने. हा भेद रद्द व्हायला 1962 साल उजाडले. ऑलिंपिकचा अनुभवही बोलका आहे. 1912 च्या स्टॉकहोम स्पर्धेत दोन सुवर्णपदके जिंकणारे जिम थॉर्प यांनी त्याआधी किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळले होते, एवढ्यावरून पदके काढून घेतली गेली. ती 1982 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, परत देण्यात आली. आपल्या खेळावर प्रेम करणाऱ्या गरीब माणसाला त्या प्रेमाचा पुरावा म्हणून उपाशी राहायला सांगणे, हा या नियमांचा खरा अर्थ होता. तो अन्याय होता, आणि प्रेमाचे नाव दिल्याने तो सौम्य होत नाही.

भारतीय वाचकाला येथे गीतेतले निष्काम कर्म आठवणे साहजिक आहे. पण निष्काम म्हणजे बिनपगारी नव्हे. अर्जुन हौस म्हणून युद्धाला उभा नव्हता. त्याला सांगितले गेले ते क्षत्रियाचे, म्हणजे त्याच्या वाट्याला आलेले काम करायला. सोडायची होती ती फळाची आसक्ती. वारकरी परंपरेनेही प्रेम आणि पोटापाण्याचा धंदा वेगळे काढले नाहीत. सावता माळ्याची भक्ती मळ्यातच होती आणि गोरा कुंभाराची चिखल तुडवताना. मोबदला मिळूनही काम प्रेमाचे राहू शकते, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

उलट बाजूही खरी आहे. मोबदला नसला की प्रेम असतेच असे नाही; प्रतिष्ठेसाठी, ओळखीपाळखींसाठी, वेळ घालवण्यासाठीही माणसे फुकट राबतात. आणि फुकट केलेले काम कच्चेच असते हेही खोटे. 1781 मध्ये युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचा चरितार्थ तेव्हा संगीतावर चालत होता. ‘लिनिअर बी’ ही प्राचीन ग्रीक लिपी 1952 मध्ये उलगडणारे मायकेल व्हेंट्रिस वास्तुविशारद होते. त्यांना कोणतेही विद्यापीठ वेतन देत नव्हते, म्हणूनच कोणते प्रश्न हाती घ्यावेत हे त्यांचे तेच ठरवू शकत होते. सॉक्रेटिसने सांगितलेला लाभ तो हाच.

मराठीत अ‍ॅमॅच्युअरसाठी ‘हौशी’ हा शब्द रूढ झाला : हौशी रंगभूमी, हौशी छायाचित्रकार, हौशी खगोलनिरीक्षक. ‘हौस’ अरबी-फारसीतून आली. तिच्यात इच्छा आणि उमाळा आहे, लॅटिन शब्दातले प्रेम नेमके नाही. हौसेला मोल नसते असे म्हणताना मराठी माणूस तिची बाजू घेतो, आणि ‘हौशी कलाकार’ म्हणताना कधी कधी तिला कमी लेखतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्याबाबतीत हे कमी लेखणे फार काळ चालले. गणितातली वरची पदवी नसलेल्या या शिक्षकाच्या संख्यांवरच्या कामाकडे अनेकांनी करमणूक म्हणून पाहिले. 6174 ही संख्या आता जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. पगार त्यांना मिळत होता तो मुलांना शिकवण्याचा. संख्यांसाठी त्यांना कोणी काही देत नव्हते.