धातूतली वीण

घर सोडून आलेल्या माणसाचं घर कशात टिकतं, वस्तूत की वस्तूच्या घडणीत? साताऱ्याहून नोएडात येऊन राहिलेल्या माझ्यासारखीला हा प्रश्न पोथीतला वाटत नाही.

सेक्टर 33ए मधल्या हाटात मी ढोकरा कामाचं पितळी माप पाहिलं, धान्य मोजायचं. अंगभर टोपलीसारखी वीण. हे काम करणारे बंगाल-ओडिशाकडचे कारागीर आधी मातीचा गाभा करतात. त्यावर मेणाचे बारीक दोर एकाला एक चिकटवून गुंडाळतात आणि वरून पुन्हा मातीचा लेप देतात. आचेनं मेण वितळून वाहून जातं आणि त्यानं मोकळ्या केलेल्या जागेत वितळलेलं पितळ उतरतं. मेण गेलं, पण दोराचा प्रत्येक वळसा राहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातली मोहेंजोदडोची नर्तकीही मेणाच्या जागी धातू ओतूनच घडली आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला माती, सोनं आणि लोखंडाचे दाखले देतो. आकार नावापुरते, खरं ते मूळ द्रव्य. हे माप हातात घेतलं की मला उलटं दिसतं. इथे द्रव्य बदललं आणि वीण उरली. उद्दालक साऱ्या वस्तूंच्या मुळाशी असलेलं सत् शोधत होता. घराला मात्र मी वस्तूंत धरत नाही. माणसांनी एकमेकांना धरून राहण्याची ती रीत आहे.

आपल्या लग्नात वेळू आणि धातू दोन्ही असतात. ऐरणीदानात बुरुडानं विणलेल्या टोपलीत दिवे लावून ती वराकडच्यांच्या डोक्यावर धरतात आणि लेक त्यांच्या स्वाधीन करतात. त्याच लेकीबरोबर माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण जातात. टोपलीच्या कामट्या लवकरच सुटतात. अन्नपूर्णा पिढ्यानपिढ्या देवघरात तांदळावर बसते. पण तिच्याखालचे तांदूळ कुणी बदललेच नाहीत, तर ती नुसती शोभेची मूर्ती. ते बदलण्याची सवय माझ्या आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आली, म्हणून इथल्या अकराव्या मजल्यावरही मला घर आहे.

माझ्या मुलीला अन्नपूर्णा मी देईनच. पण दारी आलेल्याला आधी पान वाढायचं, एवढं तिच्या हातात उतरलं, तर मूर्ती हरवली तरी तिचं घर हरवणार नाही. धर्म मी यालाच म्हणते.