प्रमाणात न मावणारे

शस्त्राची हुबेहूब प्रतिकृती करणे ही निर्दोष करमणूक मानावी काय? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु चलथाणसारख्या गावातल्या एखाद्या घरी शाळकरी मुलगा महिना-दोन महिने खपून कागदाचा रणगाडा उभा करू लागला, की घरातच दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, "करायचेच तर एखादे देऊळ कर, हे मारण्याचे यंत्र कशाला?" वडील म्हणतात, "करू दे त्याला. देशाचा अभिमान वाटेल." दोघांचाही हेतू चांगला आहे. मात्र दोघांचीही नजर तयार होणाऱ्या वस्तूवर आहे. ती वस्तू घडवताना मुलाच्या मनाला कोणते वळण लागते, हे कोणी पाहत नाही. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर त्या घडवण्यातच शोधायला हवे.

कागदाचा रणगाडा म्हणजे खोक्याला नळी चिकटवून केलेले खेळणे नव्हे. त्याचे शेकडो सुटे भाग कार्डशीटवर आखलेले असतात. आधी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून आतला सांगाडा करायचा, मग त्यावर बाहेरचे कवच चढवायचे. घडी सरळ पडावी म्हणून तिच्या रेषेवरून बोथट पाते फिरवायचे. कापलेल्या कडेचा पांढरा रंग दिसू नये म्हणून ती कड रंगवायची. चाकांसाठी गोल चकत्या थरावर थर चिकटवायच्या, तोफेची नळी विणकामाच्या सुईवर कागद गुंडाळून करायची, आणि साखळपट्ट्याची कडी एकेक करून जोडायची. एका बाजूला अर्धा मिलिमीटर चुकला तर दुसऱ्या बाजूला कवच बसत नाही. फेविकॉल सुकेपर्यंत भाग हातात धरून नुसते बसावे लागते. घाई, अंदाज आणि 'चालेल तेवढे' ही वृत्ती या कामात टिकत नाही. एवढा संयम शिकवणारे काम वाईट कसे म्हणावे?

परंतु संयम हा स्वतः नीतिमान नसतो. तो चांगल्या कामाला उपयोगी पडतो, तसा वाईट कामालाही पडतो. म्हणून आणखी एक पायरी खाली उतरले पाहिजे.

प्रतिकृती 'प्रमाणात' असते, असे आपण म्हणतो. आपल्या भाषेत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ मापाचा, दुसरा पुराव्याचा. न्यायदर्शनात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे तिथे मानली आहेत. उपमानाचे परंपरेने चालत आलेले उदाहरण गवयाचे आहे. ज्याने गवय पाहिलेला नाही अशा माणसाला अरण्यात वावरणारा सांगतो, की गवय गाईसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी दिसताच तो माणूस ओळखतो, की गवय म्हणतात तो हाच. प्रतिकृतीचे कामही उपमानाचेच आहे. पुण्या-मुंबईच्या वाटेवर वाकडी वाट करून पूर्वीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय कोणी पाहिले, तर हातांनी सेंच्युरियन घडवलेला मुलगा तिथला खरा सेंच्युरियन लांबूनच ओळखेल. परंतु ओळखणे निराळे आणि जाणणे निराळे. 'गाईसारखा' एवढ्यावरून गवयाचे नाव कळते; त्याच्या शिंगांचा घाव कळत नाही.

थोडे गणित करू. अशा प्रतिकृतींचे एक रूढ माप पंचविसास एक असे आहे. सेंच्युरियनची रुंदी सुमारे ३.४ मीटर, कागदावर ती साडेतेरा सेंटिमीटर होते. तोफेसकट जवळजवळ दहा मीटरची लांबी चाळीस सेंटिमीटरच्या आत येते. येथपर्यंत सारे प्रमाणात आहे. वजनाला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही पंचवीसपट घटल्यामुळे आकारमान १५,६२५ पटींनी घटते. म्हणजे पन्नास टनांवर भरणारे ते धूड पोलादाचेच करून पंचविसाव्या हिश्शावर आणले, तरी सव्वातीन किलोच्या आसपास भरेल. कागदाचे तर हातावर सहज तोलता येते. इंजिनाची धग, तेलाचा वास, कानठळ्या बसवणारा आवाज, झडप बंद झाल्यावर आत दाटणारा अंधार, यांतले काहीच पंचविसांनी भागता येत नाही.

सर्वांत मोठी उणीव तर डोळ्यांना दिसतही नाही. खऱ्या सेंच्युरियनमध्ये चार माणसे असत: नायक, तोफ चालवणारा, तोफेत गोळा भरणारा आणि गाडी हाकणारा. कागदाच्या रणगाड्यात त्यांच्या जागी पुठ्ठ्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्या असतात. बाहेरचा खिळा न खिळा जागेवर, आणि आत कोणी नाही!

१६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ आघाडीवर, बसंतरच्या लढाईत, अशाच एका सेंच्युरियनमध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. जन्म पुण्याचा, पलटण पूना हॉर्स, वय अवघे एकवीस. रणगाड्याला आग लागली तेव्हा तो सोडून बाहेर पडण्याचा आदेश त्यांना मिळाला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते लढत राहिले आणि तिथेच कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हा भाग आपल्याला ठाऊक असतो. पुढचा भाग तितका सांगितला जात नाही. त्यांचे वृद्ध वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, २००१ साली आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांनी त्यांचा पाहुणचार केला, ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी निघण्याच्या सुमारास त्यांना सांगितले, की तुमच्या मुलाचा शेवट माझ्या हातून झाला. तीस वर्षे समोरच्या रणगाड्यातल्या माणसालाही त्या दिवसाचे ओझे उतरवता आले नव्हते. हे ओझे कोणत्या प्रमाणात कागदावर आणणार?

येथे आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यांची आठवण होते. गुजरातेत पिढ्या गेल्या तरी कित्येक मराठी घरांनी ती प्रथा सोडलेली नाही. माती, दगड, पोते आणि अळीव यांतून मुले गड उभा करतात, वर महाराज बसतात, उतारावर मावळे उभे राहतात. फार सुंदर प्रथा आहे आणि ती टिकावी. मात्र त्या गडासमोरचे अंगण बहुधा रिकामे असते. आपण सुरतेच्या परिसरात राहणारी माणसे. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० या दोन तारखा आपल्या घरात एका शब्दाने सांगितल्या जातात आणि शेजारच्या घरात दुसऱ्या शब्दाने. पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्म पाळल्यामुळे, अंगणाच्या त्या रिकाम्या बाजूलाही माणसे होती, हे आपण जाणतो. हे जाणल्याने महाराजांविषयीचा आदर कमी होत नाही. आदर आंधळा राहत नाही, एवढेच.

सरकारी नोकरीत ज्यांनी गावनकाशे हाताळले आहेत, त्यांना कागदाच्या या स्वभावाची चांगली ओळख असते. नकाशावर केसाएवढी रेघ सरकली, तर शेतात बांध हातभर सरकतो आणि दोन भाऊ कोर्टाची पायरी चढतात. रेघ स्वच्छ असते, भांडण स्वच्छ नसते. कागद खोटे बोलतो असे नव्हे. तो थोडे बोलतो. त्या थोड्यालाच सारे मानणे ही पाहणाराची चूक. युद्धे ठरवणारेही मेजावर नकाशा पसरून बसतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही चूक किती महाग पडते ते उमगेल.

नावांतही हाच खेळ आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे यंत्र गुपचूप बनवले, तेव्हा कोणाला संशय येऊ नये म्हणून त्याला 'टँक', म्हणजे पाण्याची टाकी, म्हटले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर ती टाकी प्रथम चालून गेली. म्हणजे या यंत्राचे नावच मुळी पांघरूण होते. उलट उदाहरण आपल्या जवळच आहे. सुरत ओलांडून तापीच्या मुखाशी गेले, की हजिऱ्याच्या कारखान्यात 'वज्र' नावाच्या स्वयंचलित तोफा तयार होतात. साखळपट्ट्यांवर चालतात म्हणून लोक त्यांनाही रणगाडाच म्हणतात. २०१७ च्या करारातील शंभरावी तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये सैन्याकडे रवाना झाली. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते, हा भाग निराळा. परंतु पुराणातले वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचे होते. वृत्राचा वध आवश्यक होता, म्हणून शस्त्र आवश्यक होते. आणि त्या शस्त्रासाठी कोणाला तरी आपली हाडे द्यावी लागली. शस्त्राची गरज आणि शस्त्राची किंमत, दोन्ही त्या एका कथेत शेजारी-शेजारी ठेवलेल्या आहेत. आजीला पहिली गोष्ट मान्य करावी लागेल, वडिलांना दुसरी.

म्हणून मुलाच्या हातातली कात्री काढून घेऊ नये. देऊळ बांधणाराच्या मनातही अहंकार असू शकतो आणि रणगाडा जोडणाराच्या मनातही करुणा येऊ शकते. त्याने एकेक कडी मोजून जोडावी, कारण मोजणे हाही सत्याचाच एक अभ्यास आहे. फक्त मोजमाप कोठे संपते, हे वडीलधाऱ्यांनी त्याला दाखवावे. ते उपदेशाने साधणार नाही. त्याच्याच कलेच्या भाषेत सांगावे. रणगाडा पुरा झाला, की त्याच कागदातून, त्याच प्रमाणात, त्याला दोन माणसे करायला सांगावीत. मध्यम उंचीचा माणूस या मापात जेमतेम सात सेंटिमीटरचा होतो, तर्जनीएवढा. एक रणगाड्याच्या शेजारी उभा करावा आणि दुसरा तोफेच्या समोर. मग शोकेसची काच लावावी.