नवे यंत्र आणि जुने हात

कामाची नवी पद्धत सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याचे हाताखालील माणसांविषयी नेमके कर्तव्य कोणते? नवे काम शिकविले आणि वेळेवर पगार दिला की ते संपले, असे मानणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तसे वाटत नाही.

१९५२ साली अहमदाबादेच्या कॅलिको कंपनीच्या ज्युबिली गिरणीत स्वयंचलित माग बसविण्यात आले. २२४ मागांवर २९ माणसे, आणि त्यांच्या कामाचे प्रकार १२! विणणारा निराळा, कांड्या भरणारा निराळा, तुटलेले धागे सांधणारा निराळा. प्रत्येकाच्या वाट्यास मागांची संख्या वेगवेगळी आल्यामुळे कोण कोणाचा सोबती, हेच ठरेना. यंत्रे उत्तम, माणसे कसबी. तरी अपेक्षित उत्पादन हाती येईना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस तेथे आले. त्यांना दोष यंत्रात नव्हे, कामाच्या मांडणीत दिसला. ठरावीक माग एका लहान तुकडीच्या स्वाधीन करावेत, असे त्यांनी सुचविले. ही कल्पना कानी पडताच कामगारांनी आपल्या तुकड्या आपणच जुळविल्या! मध्यंतरी चढउतार झाले. परंतु पुढे उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले.

माणसांस विश्वासात घेतले की नफा वाढतो, असा बोध व्यवहारी मनुष्य यावरून काढील. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. नफ्यासाठीच मान द्यावयाचा, तर नफा न होईल त्या दिवशी तो काढूनही घेता येईल. वीस वर्षे एका रीतीने काम केलेल्या माणसाची ती रीत केवळ सवय नसते. चारचौघांतील त्याची पत तिच्यावर उभी असते. बदल करणारा ती पतच हलवितो. म्हणून त्याने दिलेला मान ही कृपा नव्हे, ते देणे आहे.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. निर्णय आधीच झालेला असताना मत विचारण्याचा देखावा करणे ही फसवणूक होय. अहमदाबादेस नवे माग आधीच आले होते. कामाची जुळणी तेवढी मोकळी होती, आणि ती खरोखरच कामगारांच्या हाती राहिली. काय ठरले आहे आणि काय ठरावयाचे आहे, हे अधिकाऱ्याने प्रथमच स्पष्ट सांगावे. कोणाचे काम जाणार असेल, तर तेही आडपडदा न ठेवता, वेळीच सांगावे. कटू सत्य मनुष्य सोसतो. गोड बोलून केलेला विश्वासघात तो विसरत नाही.

हा प्रश्न केवळ गिरण्यांचा नाही. देवस्थानांच्या कचेऱ्यांतही आता पावतीपुस्तकांच्या जागी संगणक येत आहेत. कोणत्या घराण्याचा अभिषेक कोणत्या तिथीस, हे ज्या वृद्ध कारकुनास मुखोद्गत आहे, त्यास एके सकाळी नुसते बाजूस बसवावयाचे काय? ‘यंत्रात काय काय भरावे, ते तुम्ही सांगा,’ असे त्यास आधी म्हणणे महाजनांस अवघड नाही.

मंदिरातील मोठ्या कार्यास हात घालण्यापूर्वी आपण देवास कौल लावतो, आणि तो उजवा येणार की डावा, हे आधी ठरवून लावीत नाही. माणसाच्या आयुष्याची घडी मोडतानाही विचारावयाचे ते तितक्याच खऱ्या मनाने विचारावे.