नकोशा मेलचा भार कोणी वाहायचा?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या तेराव्या कलमाची चर्चा फारशी होत नाही, पण त्याचा संबंध प्रत्येक ई-मेलधारकाशी आहे. वेगळे काही ठरलेले नसेल आणि इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज स्वीकारण्यासाठी आपण एखादा ई-मेल पत्ता नेमून दिला असेल, तर पत्र त्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरले त्या क्षणी ते आपल्याला मिळाले, असे कायदा धरून चालतो. आपण ते उघडले का, ते आपल्या नजरेला तरी पडले का, हा प्रश्न तिथे उरत नाही.

हे ध्यानात ठेवून आपला इनबॉक्स उघडून पाहावा. आयकर विवरणपत्र भरल्यानंतरची सूचना तिथेच येते, आणि खात्याने विवरणपत्रात काही फेरफार सुचवला असेल तर उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते. विम्याच्या हप्त्याची आठवण, वीजबिल, मुलीच्या प्रवेशपरीक्षेचे प्रवेशपत्र, मुलाखतीचे बोलावणे, सारे तिथेच जमा होते. त्याच्या आगेमागे असतात सेलच्या घोषणा, ‘मंजूर झालेली’ कर्जे, एकदाच काही विकत घेतलेल्या दुकानाची रोजची पत्रे आणि नाव कधी ऐकले नाही अशा क्लासच्या सवलती. मुदतीचे एक पत्र या गर्दीत हरवले, तर दंड नागरिक भरतो. गर्दी करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

म्हणून नकोशा व्यापारी मेलला किरकोळ उपद्रव म्हणून सोडून देणे मला मान्य नाही. ज्या पत्त्यावर आलेले पत्र कायदा ‘पोचले’ असे मानतो, त्या पत्त्याला न मागितलेल्या जाहिरातींपासून संरक्षण देणे हेही कायद्याचेच काम आहे.

“नको असेल तर डिलीट करा, दोन सेकंदांचे तर काम,” असे यावर सांगितले जाते. हा सल्ला प्रश्नाच्या मुळाशी जात नाही. टपालाने जाहिरात पाठवायची तर कागद, छपाई आणि तिकिटाचा खर्च पाठवणाऱ्याच्या खिशातून जातो, त्यामुळे तो हात आखडता घेतो. ई-मेलमध्ये आणखी एक लाख लोकांना पत्र पाठवण्याचा खर्च नगण्य असतो. वेळ, लक्ष आणि साठवणुकीची जागा मात्र घेणाऱ्याची जाते. जीमेलच्या फुकट खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. ती भरली की नवी पत्रे स्वीकारणेच थांबते.

हा व्यवहार फार जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या सुमारे चारशे जणांना कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात पाठवली आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पुढे तीस वर्षांनी, २००८ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी औषधांची जाहिरात करणाऱ्या स्पॅमच्या एका जाळ्यात शिरून त्याचा हिशेब मांडला. सुमारे ३५ कोटी मेलमधून खरेदीपर्यंत पोचले ते फक्त २८ जण, म्हणजे जवळपास सव्वा कोटी मेलमागे एक गिऱ्हाईक. पाठवण्याचा खर्च इतका कमी असेल, तर एवढ्या तुटपुंज्या प्रतिसादावरही माणसे धंदा करू पाहतात. आपण दुर्लक्ष केल्याने ते थांबत नाहीत.

असे उघड लबाडीचे स्पॅम आज बहुतांशी फिल्टर अडवतात. आत शिरते ते दुसऱ्या प्रकारचे मेल, प्रतिष्ठित दुकानांचे आणि कंपन्यांचे. “तुम्हीच तर संमती दिली होती,” हा त्यांचा आधार. ही संमती कशी मिळवली जाते ते आपण सगळे पाहतो. बिल करताना काउंटरवर नंबर आणि मेल विचारला जातो, मागे रांग ताटकळत असते, आपण सांगून मोकळे होतो. ऑनलाइन अर्जात ‘माहितीपर संदेश पाठवा’ या चौकटीत आधीच खूण केलेली असते. मागितली ती बिलाची प्रत, मिळते ती वर्षानुवर्षांची जाहिरात. घाईचा किंवा अनवधानाचा फायदा घेऊन काढलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात व्यापारी मेलसाठी आधी परवानगी घेण्याचे तत्त्व स्वीकारले. जुन्या ग्राहकांपुरती मर्यादित सूट ठेवली. कॅनडाचा परवानगीवर आधारलेला कायदा २०१४ पासून लागू झाला. अमेरिकेने २००३ च्या कायद्यात उलटी वाट धरली. तिथे आधी पाठवता येते आणि घेणाऱ्याने नको म्हटल्यावर दहा कामकाजी दिवसांत थांबवावे लागते. म्हणजे नकार कळवण्याचे कष्ट पुन्हा घेणाऱ्यालाच.

भारतात व्यापारी ई-मेलसाठी स्वतंत्र कायदाच नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे २०१८ चे नियम आणि जाहिराती नाकारण्यासाठीची १९०९ वरची नोंदणी फोन आणि एसएमएसपुरती आहे. पाठवणाऱ्याबद्दल दिशाभूल करणाऱ्या मेलचा उल्लेख माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ मध्ये होता. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालणारे ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, ते योग्यच झाले. पण नकोशा मेलसाठी नेमका, मर्यादित कायदा त्यानंतर कोणी केला नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मुळे आशेला जागा आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे हवे, असे हा कायदा म्हणतो. त्यातले एक उदाहरण औषधांच्या दुकानाचे आहे. ग्राहकाने पैसे पोचल्याची पावती मोबाइलवर मागितली, तर दुकानदाराने ती माहिती पावती पाठवण्यासाठी वापरावी. काउंटरवरच्या रोजच्या प्रसंगाला हे थेट लागू पडते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले तरी मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. अंमलबजावणी कशी होते, यावर या शब्दांची किंमत ठरेल.

दरम्यान २०२४ मध्ये गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर नाव काढण्याची सोय सक्तीची केली आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आणायला सांगितले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, आणि अशी शिस्त लावणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही हे त्याने सिद्ध केले. पण खासगी कंपनीचा नियम कंपनी उद्या बदलू शकते. नागरिकाला हक्क हवा, आणि हक्क कायद्यातून येतो.

छोट्या उद्योजकाचे काय, हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. कोकणातला आंबा बागायतदार किंवा दिवाळी अंकाचा प्रकाशक यांना मोठ्या जाहिराती परवडत नाहीत. ई-मेल हे त्यांचे स्वस्त साधन आहे. पण सध्याच्या गर्दीत सर्वांत आधी बुडते ते त्यांचेच पत्र. ज्यांनी आपणहून नाव नोंदवले अशा दोनशे वाचकांची यादी प्रकाशकाला विकत घेतलेल्या वीस हजार पत्त्यांपेक्षा अधिक उपयोगाची आहे. आधी परवानगीचा नियम प्रामाणिक विक्रेत्याच्या हिताचाच आहे.

कायदा येईपर्यंत काही गोष्टी आपल्या हातात आहेत. खरेदीसाठी वेगळा ई-मेल पत्ता ठेवावा; बँक, कर आणि शिक्षणासाठीचा पत्ता दुकानात देऊ नये. ओळखीच्या कंपनीच्या मेलमध्ये ‘अनसबस्क्राइब’ वापरावे. अनोळखी किंवा संशयास्पद मेलमधल्या कोणत्याही दुव्यावर क्लिक न करता तो स्पॅम म्हणून नोंदवावा, आणि पैशांची फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. घरातल्या ज्येष्ठांचा इनबॉक्स त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या परवानगीने, एकदा स्वच्छ करून द्यावा.

एवढ्यावर थांबू नये. काउंटरवर मेल मागितला की “कशासाठी?” असे विचारावे आणि बिलासाठी गरज नसेल तर ठामपणे नाही म्हणावे. ग्राहक व्यवहार मंत्रालयानेही मे २०२३ मध्ये दुकानदारांना बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नका असे बजावले होते. आणि आपल्या खासदाराला, ग्राहक संघटनेला एवढे नक्की लिहावे की फोन आणि एसएमएसला जे संरक्षण आहे, ते ई-मेललाही हवे. परवानगी आधी, जाहिरात नंतर. आणि हा नियम मोडण्याची किंमत पाठवणाऱ्याने मोजावी.