शेजाराविना घर

'द वर्ल्ड' नावाचे एक जहाज २००२ सालापासून जगभर फिरत आहे. त्यातील १६५ सदनिका रहिवाशांच्या मालकीच्या असून पुढचा मार्गही तेच ठरवितात. स्वयंपाक, धुणे, औषधोपचार यांची सोय जहाजावरच असते. दुखणे बळावले की मात्र किनारा गाठावा लागतो. बारा महिने असे राहता येते, हे खरे. पण त्याला घर म्हणावे काय?

आमच्या मावळात भाजे येथे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासूनची लेणी आहेत. तेथील भिक्षूही फिरस्तेच. पावसाळ्यापुरते ते एका जागी राहत. खोली इवलीशी, निजायला दगडी ओटा. परंतु त्यांचे अन्न गावच्या भिक्षेतून येई. पाण्याचे एक टाके महारठी विण्हुदत याने दान दिल्याचे शिलालेख सांगतो. थेरांच्या स्मरणार्थ १४ स्तूपही तेथेच उभे आहेत. जगताना त्या फिरस्त्यांना लोकांचे ऋण होते आणि मरणानंतर जागा होती.

जहाजावर प्रत्येक सेवेचे मोल चुकते होते. परंतु अशा जहाजांवर राबणारे खलाशी, ज्यांत आपले गोंयकार बांधवही आहेत, महिनोन्‌महिने लेकराबाळांपासून दूर असतात. पैसे दिले म्हणून त्यांचे ऋण फिटत नाही. त्यांच्या घरची विचारपूस करणाऱ्याला जहाजावरही शेजार लाभेल. आणि आमच्या मावळातले, सुट्टीपुरते उघडणारे बंगले? त्यांच्या मालकांना रखवालदाराच्या मुलांची नावे ठाऊक असतात काय?